गारवा काढावा, ऊब राखावी

मराठी वाचकाला हा प्रश्न उलटा वाटेल. मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला विचारा, गाडीत काय हवे? उत्तर एकच येईल : एसी. हीटर नावाची वस्तू आपल्या गाडीत आहे, हेही अनेकांच्या ध्यानात नसते. डॅशबोर्डवरच्या गोल बटणाचा लाल भाग मुंबईत किंवा कोकणात वर्षानुवर्षे कुणाचा हात न लागता तसाच राहतो. अमेरिकेत मात्र १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या गाड्या जिवापाड जपणाऱ्या हौशी मंडळींत नेमका याच्या विरुद्ध प्रश्न वारंवार विचारला जातो. कारखान्यातूनच बसवून आलेला एअर कंडिशनर काढून टाकायचा आहे, पण हीटर पूर्वीसारखा चालला पाहिजे. तर काय करावे?

प्रश्न गॅरेजमधला आहे आणि त्याचे उत्तर पाना-स्क्रूड्रायव्हरच्या भाषेत देता येते. परंतु त्याच्या मुळाशी गेले की बऱ्याच गोष्टी हाती लागतात. दोन वेगळ्या यंत्रणा एका डब्यात कशा आल्या, त्यांतली एक काढताना दुसरी का लंगडी होते, काढलेल्या नळ्यांमधला गॅस कुठे जातो, आणि जुनी वस्तू जपणे म्हणजे तिच्यातले नेमके काय जपणे, हे सगळे त्या एका डब्याभोवती गोळा झालेले आहे.

फुकटची ऊब, विकतचा गारवा

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश, जुन्या इंजिनांत त्याहूनही कमी, चाके फिरवायला लागते. उरलेली उष्णता काही धुराबरोबर आणि काही इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर जाते. हे पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापलेले असते. ते रेडिएटरमध्ये थंड करून पुन्हा इंजिनात पाठवायचे, हा नेहमीचा क्रम. हीटर म्हणजे या प्रवाहाला काढलेला एक छोटा पाट. दोन रबरी नळ्यांतून थोडे गरम पाणी डॅशबोर्डखालच्या एका लहानशा रेडिएटरमध्ये आणायचे, त्यावरून पंख्याने हवा फुंकायची, की गाडीत ऊब आली. या लहान रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. जी उष्णता एरवी रस्त्यावर सांडली असती, तीच इथे कामी येते.

गारव्याचे तसे नाही. तो कमवावा लागतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला तप्त गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रवरूप होतो. तो द्रव एका बारीक झडपेतून इव्हॅपोरेटरमध्ये सुटतो, तिथे उकळतो आणि उकळताना भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतो. गार हवा म्हणजे ही उष्णता गेलेली हवा. या सगळ्याला इंजिनाची ताकद खर्ची पडते. शिवाय वजन वाढते. १९६२पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत वापरला गेलेला फ्रिजिडेअरचा सहा सिलिंडरांचा कॉम्प्रेसर एकटाच पंधरा-सोळा किलोंचा होता. त्याचे भक्कम ब्रॅकेट, कंडेन्सर, नळ्या, मोठा रेडिएटर धरले तर पुढच्या चाकांवर एखाद्या शाळकरी मुलाएवढा भार कायमचा बसलेला असे.

या दोघांचा एक समाईक धर्म मात्र आहे, आणि तो पावसाळ्यात घाट चढणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. पुढच्या काचेवर आतून वाफ धरते तेव्हा आपण एसी लावतो. इव्हॅपोरेटरच्या गार पत्र्यांवर हवेतले बाष्प पाणी होऊन गळते आणि कोरडी हवा काच निवळते. थंड देशात हेच काम गरम हवा करते. काच तापली की तिच्यावर दव धरत नाही आणि बाहेरून साचलेला बर्फही सुटतो. म्हणून अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांनी १९६८पासून नव्या मोटारींत पुढची काच निवळणारी यंत्रणा सक्तीची केली. गारवा ही पैसे मोजून घ्यायची चैन राहिली. ऊब ही सुरक्षेची बाब झाली. मिशिगन किंवा मिनेसोटातला माणूस एसी काढायला तयार होतो आणि हीटरसाठी जीव टाकतो, तो एवढ्यासाठी.

दोघे एका घरात कसे आले

मोटारीत कारखान्यातून वातानुकूलन देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलांत केला. त्यात इव्हॅपोरेटर मागच्या सीटपाठीमागे होता, आणि कॉम्प्रेसर इंजिनापासून सोडवणारा क्लचच नव्हता. गारवा कायमचा बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. हा प्रयोग दोनेक वर्षांत आटोपला. महायुद्धानंतर १९५३मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या दोघांनी आपल्या महागड्या गाड्यांत एसी आणला, पण त्याचाही मोठा भाग डिकीतच असे. गार हवा मागच्या काचेजवळून यायची. हीटर पुढे, एसी मागे. दोघांची तोंडओळखही नव्हती. अशा गाडीतून एसी काढला तर हीटरला त्याचा पत्ता लागण्याचे कारण नव्हते.

बदल १९५४मध्ये आला आणि तो फ्रिज बनवणाऱ्या घराण्यातून आला. आपल्याकडे केल्व्हिनेटर हे नाव फ्रिजमुळे घरोघर पोहोचले. अमेरिकेत १९३७मध्ये केल्व्हिनेटर आणि नॅश ही मोटार कंपनी एकत्र आली होती. नॅश-केल्व्हिनेटरने १९५४मध्ये हीटर, बाहेरची ताजी हवा आणि एसी या तिघांना गाडीच्या पुढच्या भागात, एकाच यंत्रणेत गुंफले. एकच पंखा, एकच हवेचा मार्ग आणि डॅशबोर्डवर एकत्र नियंत्रण. डिकी मोकळी झाली, किंमत उतरली. पुढे सगळा उद्योग याच वाटेने गेला, आणि १९६०चे दशक संपेपर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक गाड्यांत एसी असे.

या संक्रमणाची खूण एकाच गाडीत पाहायची तर फोर्ड मस्टँग घ्यावी. १९६५ आणि १९६६च्या मस्टँगमध्ये एसीचा डबा डॅशबोर्डखाली वेगळा टांगलेला असे. चार बोल्ट सोडवले, नळ्या काढल्या, की हीटर जसाच्या तसा. १९६७पासून मस्टँगमध्येही एसी आणि हीटर एका डब्यात आले. तिथून पुढे ‘एसी काढणे’ हे काम उरले नाही, ती वाटणी झाली. एकत्र कुटुंबात वाटणी करताना भांडी मोजता येतात. विहीर कुणाची, हा प्रश्न अवघड असतो. इथे विहीर म्हणजे पंखा आणि हवेची वाट.

नळीतला गॅस

काढाकाढीची पहिली पायरी पाना हाती घेण्याआधीची आहे. त्या काळातल्या एसीत आर-१२ नावाचा गॅस असे. फ्रिऑन या नावाने तो जगभर ओळखला गेला. त्यापूर्वी शीतकरणासाठी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू वापरत. बंद मोटारीत असले काही फुटले असते तर आतले वाचले नसते. १९२८च्या सुमारास जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न जळणारा, विषारी नसलेला हा पर्याय शोधला. १९३०मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीपुढे मिजलीने तो गॅस छातीभर ओढून घेतला आणि पेटत्या मेणबत्तीवर सोडून ती विझवून दाखवली. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची कल्पनाही याच मिजलीची, १९२१ची. १९६९ची एसीवाली अमेरिकन गाडी घ्या : टाकीत त्याचे शिसे आणि नळ्यांत त्याचा गॅस. विसाव्या शतकाने मागे घेतलेले दोन शोध एकाच बॉनेटखाली-डिकीखाली वावरत होते.

हा गॅस माणसाला अपाय करत नाही हे खरेच होते. पण तो इतका स्थिर की हवेत विरघळून नाहीसाच होत नाही. १९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की तो वर स्थितांबरात पोहोचतो, तिथल्या अतिनील किरणांनी फुटतो, आणि त्यातून सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. १६ सप्टेंबर १९८७ला माँट्रियल करार झाला. विकसित देशांत १९९६च्या आरंभापासून आर-१२चे नवे उत्पादन थांबले. भारताने २०१०ची मुदत असताना १ ऑगस्ट २००८पासून, दम्याच्या फवाऱ्यांसारख्या औषधी वापराचा अपवाद ठेवून, या वर्गातल्या वायूंचे उत्पादन बंद केले. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुत्झेन यांच्यासह १९९५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीत हा गॅस बहुधा गळून गेलेला असतो. पण ‘बहुधा’वर विसंबून नळी सोडवू नये. मोठ्या अमेरिकन गाडीत तीन ते चार पौंड, म्हणजे दीड किलोच्या आसपास गॅस भरलेला असे. ओझोनचे सोडाच, हवा तापवण्यातही आर-१२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट भारी आहे. दीड किलो गॅस सोडून देणे म्हणजे पंधरा टन कार्बन डायऑक्साइड सोडणे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण सव्वादोन ते अडीच किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे नट ढिला करून फुस्स केलेला तो गॅस सहा-साडेसहा हजार लिटर पेट्रोलच्या बरोबरीचा झाला. लिटरला सहा किलोमीटर चालणारी जुनी गाडी तेवढ्या पेट्रोलवर जवळपास चाळीस हजार किलोमीटर धावेल. हौशी मालक दहा वर्षांत तेवढी चालवत नाही. म्हणून गॅस यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा आणि मगच पुढचे काम करायचे. अमेरिकेत १९९२पासून तो हवेत सोडणे कायद्याने मना आहे. आणखी एक साधे कारण म्हणजे दाबाखालचा द्रव हातावर किंवा डोळ्यांत उडाला तर तत्क्षणी हिमदाह होतो.

वाटणी कशी करावी

उदाहरणादाखल १९६८ ते १९७२ दरम्यानची शेव्हरोले शेव्हेल घेऊ. इंजिन आणि प्रवासी यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, तिला फायरवॉल म्हणतात. एसी असलेल्या शेव्हेलमध्ये या भिंतीच्या इंजिनाकडच्या अंगाला एक मोठा डबा असतो. त्यात पंखा आणि इव्हॅपोरेटर. भिंतीच्या आतल्या अंगाला, डॅशबोर्डखाली, हीटर कोअरचा डबा. हवा काचेखालच्या जाळीतून पंख्याकडे, तिथून इव्हॅपोरेटरमधून भिंतीपलीकडे, मग हीटर कोअरकडे आणि शेवटी पायांवर, तोंडावर किंवा काचेवर. एसी नसलेल्या शेव्हेलमध्ये बाहेरचा डबा लहान, भिंतीतल्या भोकाचा आकार वेगळा, आणि आतली व्यवस्थाही वेगळी.

यातून दोन वाटा निघतात. पहिली सौम्य. फक्त इंजिनाकडचे सामान उतरवायचे : कॉम्प्रेसर, त्याचे ब्रॅकेट, कंडेन्सर, नळ्या. भिंतीवरचा डबा, पंखा आणि आतला इव्हॅपोरेटर जागेवर ठेवायचा, त्याच्या नळ्यांची तोंडे नीट बंद करायची. हवा पूर्वीच्याच वाटेने जाते, इव्हॅपोरेटर मुकाट उभा राहतो, हीटर पहिल्यासारखा चालतो. फक्त डब्याच्या तळाची पाणी निचरण्याची नळी उघडी ठेवावी आणि इव्हॅपोरेटरच्या पत्र्यांत अडकलेला पालापाचोळा काढावा. नाहीतर तो कुजतो आणि हीटर लावला की गाडीत दलदलीचा वास येतो.

दुसरी वाट संपूर्ण. एसीचा डबा, आतली व्यवस्था, नियंत्रणाच्या दांड्या सगळे काढायचे आणि त्याच मॉडेलच्या बिनएसी गाडीचे सामान बसवायचे. बॉनेट उघडल्यावर दिसायला ही गाडी सुटसुटीत होते. पण इथेच भिंतीतल्या भोकाचा प्रश्न उभा राहतो. मोठे भोक उघडे राहिले किंवा चिकटपट्टीने झाकले, तर इंजिनाची हवा सरळ माणसे बसतात तिथे येते. जुन्या इंजिनाच्या एक्झॉस्टच्या सांध्यातून थोडी गळती असतेच, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. थंडीत काचा बंद, हीटरचा पंखा जोरात, आणि चालवणाऱ्याला नुसती झोप येऊ लागते. या सगळ्या कामात जिवावर बेतणारी जागा हीच. भोक पत्र्याच्या पूर्ण तुकड्याने, आगीला टिकणाऱ्या सीलने बंद झालेच पाहिजे. ते तपासायची रीत सोपी आहे : अंधारात इंजिनाच्या बाजूने प्रखर दिवा धरायचा आणि आत बसून कुठे प्रकाशाची रेघ दिसते का ते पाहायचे. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र पहिले काही दिवस गाडीत ठेवले तर निश्चिंती होते.

कोणतीही वाट घेतली तरी चार-पाच ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिले ठिकाण पट्ट्यांचे. बऱ्याच इंजिनांवर अल्टरनेटरचा आधार कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटवरच असतो. ते काढले की अल्टरनेटर लोंबकळतो. बिनएसी गाडीचे ब्रॅकेट आणि वेगळ्या लांबीचा पट्टा आधी मिळवून ठेवावा. दुसरे पाण्याच्या नळ्यांचे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत हीटरच्या दोन नळ्या मुद्दाम वेगवेगळ्या मापांच्या असतात, एक पाच-अष्टमांश इंची, दुसरी पाऊण इंची, म्हणजे त्यांची अदलाबदल होऊ नये. एसीच्या गाडीत या वाटेवर पुष्कळदा एक झडप असते, जी पूर्ण गारवा हवा असताना गरम पाणी तोडते. एसी गेला म्हणून ही झडप काढून टाकली तर उन्हाळ्यातही हीटर कोअर धगधगत राहतो आणि चालकाच्या पायांना त्याची आच लागते. ती राहू द्यावी.

तिसरे ठिकाण निर्वाताचे. एसीवाल्या गाड्यांत हवेच्या झडपा तारेने नव्हे, तर इंजिनाच्या शोषणातून मिळणाऱ्या व्हॅक्यूमने हलतात. त्यासाठी बारीक नळ्या आणि एक साठवणीचे टाकीवजा भांडे असते. एसीचेच सामान समजून ते भांडे फेकले, की चढावर ॲक्सिलरेटर दाबताच व्हॅक्यूम पडतो आणि पायांवरची गरम हवा भलतीकडे वळते. या यंत्रणेची रचना करणाऱ्यांनी एक शहाणपण मात्र पुष्कळ गाड्यांत पेरून ठेवले आहे. व्हॅक्यूम पूर्ण गेला, तर झडपा आपोआप काचेकडे हवा सोडतात. बिघाड झालाच तर माणसाचे पाय गारठोत, पण त्याला रस्ता दिसावा. चौथे ठिकाण ताज्या हवेचे. बिनएसी गाड्यांत पायांजवळ उघडमीट करता येणारी हवेची दारे असत. एसीवाल्या अनेक गाड्यांत ती पूर्ण दिलेली नसत. त्यातच १९६८च्या कॅमॅरोसारख्या गाड्यांतून पुढच्या दारातली छोटी तिकोनी काचही गेली. अशा गाडीचा एसी काढणारा हिवाळ्यात सुखी होतो आणि जुलैत घामाघूम. शेवटचे ठिकाण विजेचे : कॉम्प्रेसरच्या क्लचची तार उघडी सोडू नये, आणि पंख्याच्या जोरदार वेगासाठी असलेला रिले एसीचा समजून तोडू नये.

रेडिएटर, मोठा पंखा आणि त्याभोवतीचा घेर मात्र ठेवावा. एसीसाठी दिलेली ही वाढीव क्षमता म्हाताऱ्या इंजिनाला उपकारकच ठरते.

मूळ म्हणजे काय

राहतो तो प्रश्न पान्याने सुटणारा नाही. गाडी कारखान्यातून एसीसह निघाली असेल, तर एसी काढलेली गाडी ‘मूळ’ म्हणायची का? काढणाऱ्यांची कारणे पोकळ नसतात. अर्ध्या शतकापूर्वीची यंत्रणा पुन्हा गार करायला मोठा खर्च येतो, जुना गॅस दुर्मीळ आणि महाग, आणि कॉम्प्रेसर गेलेला एसी हे इंजिनावर वाहिलेले नुसते ओझे असते. दुसऱ्या बाजूला, अशा गाडीच्या कागदांवर एसीची नोंद असते आणि पुढचा विकत घेणारा ती वाचतो. आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर जुनी यंत्रणा बदलून चालवता येते, हाही मार्ग खुला असतोच.

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२मध्ये संमत केलेल्या ट्युरिन सनदेचा सूर असा आहे की हस्तक्षेप कमीत कमी असावा, शक्यतो परत फिरवता यावा आणि त्याची नोंद राहावी. वास्तुजतनातली ही जुनी शिस्त गाड्यांपर्यंत आली आहे. आपल्याकडेही २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, ती वाहन मूळ स्वरूपात असावे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, या अटीवर. परदेशातून आलेली जुनी वाहनेही त्यात बसतात. मुंबई-पुण्याच्या रॅलीत एखादी अमेरिकन गाडी दिसते, तिच्या मालकालाही हा विचार चुकलेला नाही.

या कसोटीवर घासले तर पहिली, सौम्य वाट मला उजवी वाटते. कॉम्प्रेसर उतरवणे ही उलटवता येणारी गोष्ट आहे. भिंतीचा पत्रा कापणे, डॅशबोर्डमधली छिद्रे बुजवणे ही नाही. स्पर्धेसाठी वजन उतरवणाऱ्याला हा युक्तिवाद पटणार नाही, आणि त्याच्यापुरते ते ठीकही आहे. पण रविवारी सकाळी फेरफटका मारणाऱ्या मालकाने सुटे सामान पुसून, तोंडे बंद करून, कोणता बोल्ट कुठला याच्या चिठ्ठ्या लावून एका पेटीत ठेवावे आणि ती पेटी गाडीबरोबरच पुढच्या मालकाला द्यावी. त्याला गारवा परत हवा असेल, तर त्या चिठ्ठ्यांवरून त्याला तो जोडता येईल. तोवर हिवाळ्याच्या सकाळी डबा ऊब देत राहील आणि समोरची काच निवळलेली असेल.